शेजारच्या विधायकजी

सुभेदार लक्ष्मीकांत मोहिते फौजेतून निवृत्त झाले ते साताऱ्याकडे परत गेलेच नाहीत. शेवटची पोस्टिंग लखनौची, पत्नी नंदाताईंनाही शहर मानवलेलं. त्यांनी वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत छोटं घर घेतलं, दारात कढीपत्ता लावला. मग सरकारचं कुठे काय चुकतं यावर नजर ठेवायचं काम सुभेदारांनी आपण होऊन अंगावर घेतलं.

आमदारांनी आपला पगार वाढवून घेतल्याची बातमी आली त्या सकाळी त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "आपणच वाढपी, आपणच जेवणारे! आणि एकानं नको म्हटलं नाही!"

कुंपणापलीकडे सुखदेई कपडे वाळत घालत होत्या. साठीच्या, एकट्या. पण घरात रोज नवे चेहरे, त्यामुळे बाई खोल्या भाड्याने देतात असाच सुभेदारांचा समज.

"भैया," त्या हसत म्हणाल्या, "मीसुद्धा वाढवून घेतला होता. पाच वर्षं विधायक होते मी, तुमच्याकडे आमदार म्हणतात ते."

सुभेदार कुंपणाशी आले. "आणि तुम्ही हो म्हणालात?"

"चांगलं जोरात म्हणाले. माझा बाप डोक्यावर टोपली घेऊन बांगड्या विकायचा. ज्यांच्या घरी वीटभट्ट्या होत्या ते म्हणायचे, आम्हाला पगार कशाला, आम्ही सेवेला आलोय. मलाही सेवाच करायची होती. पण भैया, संध्याकाळी चूलही पेटवायची होती."

सुभेदार आत गेले. त्या दिवसापासून त्यांनी कुंपणाकडे पाठ करून, पेपर मनातल्या मनात वाचत बसायला सुरुवात केली. सुखदेईंकडून आलेल्या कढीला हात लावेनात. नंदाताई म्हणाल्या, "कढीनं काय तुमचं घोडं मारलंय?" आणि स्वतः दोन वाट्या प्यायल्या.

मे महिन्यात सुखदेई न्हाणीत पाय घसरून पडल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नंदाताई कुंपणापलीकडून तरातरा आल्या. "गाडी काढा. दीदींकडे एक पेशंट आहे, हृदयाचा. आज दाखवायची तारीख आहे आणि दीदींना उठवत नाही."

"ऑटो मिळेल की."

"अहो, माणूस दम लागून भिंतीला टेकलाय. काढा म्हणते ना!"

पेशंटचं नाव दुर्बली, हरदोईकडचा शेतमजूर. सोबत बायको. मोठ्या रुग्णालयाच्या रांगेत सुभेदार नाइलाजाने उभे राहिले, आणि उभ्या उभ्या तिचं बोलणं ऐकत राहिले. विधायकजी दुसऱ्यांदा निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि पडल्या, म्हणाली. आम्हीच पाडलं, आमच्या गावानंही मत दिलं नाही. पण गावातलं कुणी आजारी पडलं की लखनौला उतरायचं ते त्यांच्याच घरी. पेन्शन मिळते, त्यातून सगळ्यांची डाळरोटी चालते. कुणी द्यायला पैसे काढले तर रागावतात.

नंबर आला तशी सुभेदारांनी दुर्बलीला दंडाला धरून हळूहळू आत नेलं.

परत आले तर सुखदेई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून डाव्या हाताने कणीक भिजवत होत्या. ओसरीवर आणखी चौघंजण जेवायची वाट बघत होते. सुभेदारांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, बाह्या सरसावल्या आणि परात आपल्याकडे ओढली.

"भैया, राहू द्या."

"फौजेच्या लंगरात शंभर माणसांची कणीक मळलीय. सरका तिकडे."

कणकेचा गोळा घट्ट होत आला. मग खाली मान घालूनच त्यांनी विचारलं, "दीदी, मग पगार असावा तरी किती?"

त्या म्हणाल्या, "इतका असावा की बांगडीवाल्याची पोर उभी राहू शकेल. आणि इतका नसावा की ती त्याच्यासाठीच उभी राहील."

"सगळे काही तुमच्यासारखे नसतात."

"म्हणून तर तुम्ही ओरडत जा. ओरडणं बंद झालं म्हणून मला माझी कढी गोड लागत नव्हती."

सुभेदारांना हसू आलं. पिठाच्या हाताने कपाळ पुसलं तर तिथेही पीठ लागलं, आणि सुखदेईंनी पदराने ते पुसलं, धाकट्या भावाचं पुसावं तसं.

पावसाळा सरता सरता दुर्बलीचं ऑपरेशन झालं, नीट झालं. त्याला गावी सोडायला सुभेदारच निघाले. सुखदेई पुढे बसल्या, नवराबायको मागे. हरदोईचा रस्ता सोडून आतल्या गावांत शिरले तशी गाडी पुढे जाईना. कुणी हात दाखवून थांबवी, कुणी काचेतून पेरू आत टाकी, कुणी फक्त "राम राम विधायकजी" म्हणायला सायकलवरून उतरे.

एका वळणावर एक म्हातारा खिडकीशी वाकला. सुभेदारांकडे बोट करून म्हणाला, "ये साहब कौन हैं?"

"ये?" सुखदेई म्हणाल्या. "ये हमारे विपक्ष हैं."

मागे दुर्बली छातीवरचे टाके सांभाळत हसला. सुभेदारांनी म्हाताऱ्याला हात जोडले आणि गाडी पुढे काढली.