ओढ्यातलं पनीर

आमच्या शाळेत किस्से शोधायला जावं लागत नाही. चाकणला नवी कंपनी आली की तिचं बांधकाम येतं, बांधकामाबरोबर सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा मजुरांची पोरं येतात. डोंगराकडच्या वस्तीवरची कातकरी पोरं तर आधीपासून आहेतच. मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षक डबे उघडतो आणि कोणीतरी म्हणतं, "आज काय झालं माहितीये?" हसतो आम्ही. डबा मात्र पुष्कळदा तसाच राहतो.

* * *

पहिलीतली जमुना सातपुड्यातल्या धडगावकडची. दिवाळी आली तरी तोंडातून शब्द नाही. जाधव मॅडमनी निदान करून टाकलं, "हिला ऐकू येत नाही." बापानं कामावर खाडा करून पोरीला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कान तपासले, मग बापाला तिच्याशी बोलायला लावलं. पोरगी बोलायची थांबेचना!

डॉक्टरांनी मॅडमना फोन केला, "कान फर्स्ट क्लास आहेत. तुम्ही हिच्याशी कुठल्या भाषेत बोलता?"

"म्हणजे काय? मराठीत!"

"मग ऐकू येतंय तिला. कळत नाहीये."

मॅडमनी फोन ठेवला आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "मग तसं सांगायचं ना तिनं!"

* * *

'काल घरी काय जेवलात?' हा आमच्याकडे तोंडी सरावाचा प्रश्न. कुणी मॅगी सांगतं, कुणी पावभाजी. कातकरी वस्तीवरचा गणपत उभा राहिला आणि खुशीत म्हणाला, "उंदीर!"

सगळा वर्ग "ईऽऽऽ!" दुसऱ्या दिवशी परिपाठात मोठ्या सरांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, स्वच्छतेवर भाषण ठोकलं. नाव घेतलं नाही, पण बघत होते गणपतकडेच. त्या दुपारी खिचडी खायला त्याच्या शेजारी कोणी बसलं नाही.

पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न आला. गणपत हळूच म्हणाला, "पनीर."

"अरे वा! कुठून आणलं?"

"बापानं धरलं. ओढ्यातनं."

* * *

स्नेहसंमेलनाला देणगीदार कंपनीचे साहेब येणार होते, म्हणून 'आदिवासी नृत्य' ठरलं. रावेतहून डान्स टीचर आली. पानांचे घागरे, तोंडाला काळा रंग, आणि गाण्यात नुसतं 'झिंगालाला'! एका पावरा बापानं विचारलंही, "सर, आमचा मोठा ढोल आणू का? आमी होळीत वाजवतो."

"नको नको, ट्रॅक रेडी आहे."

पावरा पोरांना डान्समध्ये घेतलंच नाही. स्टेप्स जमत नाहीत म्हणे! त्यांना पुढच्या सतरंजीवर बसवलं. कार्यक्रम झाल्यावर साहेबांनी सतरंजीवर समोरच बसलेल्या रोशनीला कौतुकानं विचारलं, "कसा वाटला आदिवासी डान्स?"

रोशनीनं स्टेजकडे नीट बघून घेतलं. म्हणाली, "हे लोक कुठं राहतात?"

* * *

हा किस्सा सांगताना कोणी हसत नाही.

जत्रेत जन्मला म्हणून आईबापानं नाव ठेवलं जात्र्या. वर्गात चिडवतील म्हणून मोठ्या सरांनी त्याचा 'यश' केला. चांगल्या मनानंच केलं. सगळे त्याला यशच म्हणायला लागले.

एके दिवशी त्याची आई धापा टाकत गेटवर आली. नवरा शेडच्या पत्र्यावरून खाली पडला होता. मराठी तिला येत नव्हती. ती नुसती "जात्र्या, जात्र्या" करत राहिली. वॉचमन तात्या इथल्याच जुन्या गावचे, साधा माणूस. ते म्हणाले, "या नावाचं कुणी न्हाई बाई हितं. दुसऱ्या शाळंत बगा."

ती गेटच्या गजांना धरून शाळा सुटेपर्यंत उभी राहिली. पोरगा दवाखान्यात पोचला तेव्हा बापाचं तोंड झाकलेलं होतं.

* * *

यंदा वरून सूचना आली, मुलांच्या घरच्या भाषेला वर्गात मान द्या. मोठ्या सरांनी बॅनरच लावला! मी चौथीच्या वर्गात गोष्ट सांगायला कविताच्या आईला बोलावलं. कविता माझी सगळ्यात हुशार मुलगी. मराठी वाचन इतकं स्वच्छ की वाकडच्या सोसायटीतली वाटावी.

आता आमच्याकडे इतकी वर्षं एक नियम होता, वर्गात फक्त मराठी. पोरं एकमेकांच्या चुगल्या करायची, "मॅडम, हा भाषा बोलतोय!" भाषा म्हणजे त्यांची घरची. मराठीला कोणी भाषा म्हणत नाही.

तर कविताची आई आली. डोक्याला तेल, गळ्यात चांदीची साखळी, सिमेंटनं फाटलेले हात पदरात लपवलेले. मी म्हटलं, "ताई, तुमच्याच भाषेत सांगा." तिनं सुरू केलं. मागच्या बाकावर कधी मान वर न करणारी दोन पोरं एकदम ताठ बसली. एक तर तिच्या आधीच पुढचं वाक्य म्हणायला लागला! तिलाही धीर आला, आवाज मोकळा झाला, हात पदराबाहेर आले.

तेवढ्यात कविता उठून उभी राहिली. चेहरा लालबुंद. आईकडे बोट केलं आणि तिच्या त्या स्वच्छ मराठीत म्हणाली,

"मॅडम, ह्या बाई भाषा बोलतायत!"