फ्रीजच्या खालच्या कप्प्यातल्या अळ्या

नाशिकहून माझी आई मला इंदूरला फोन करते. "सासरी काय नवीन?" मी म्हणते, "काही नाही." मुळात मी कमी बोलते. "सून आहे की मूर्ती!" ही सासूबाईंची गल्लीभर तक्रार. त्यात सासऱ्यांनी अळ्या पाळल्यात, हे फोनवर सुरू तरी कुठून करायचं? चार महिन्यांचं न सांगितलेलं इतकं साठलंय, की आता लिहूनच काढते.

बाबा, म्हणजे माझे सासरे, बँकेतून रिटायर झाले आणि मासे पकडायला लागले. घर शुद्ध शाकाहारी! रविवारी दोस्तांबरोबर देपालपूरच्या तलावावर जायचं, मासा लागला की फोटो काढायचा, परत पाण्यात सोडायचा. गळाला लावायला अंगणातल्या लिंबाच्या झाडावरच्या हिरव्यागार अळ्या. लोक असं झाड लिंबांसाठी लावतात. आमच्याकडे ते चराऊ कुरण आहे.

*

लग्नानंतर मी बाबांना विचारलेला पहिला प्रश्न: "मासा सोडता, मग अळीचं काय?"

ते दिवसभर झाडाभोवती घिरट्या घालत होते. संध्याकाळी निर्णय जाहीर झाला, "एकादशीला अळी नाही!" पुढची एकादशी नेमकी रविवारी आली. गळाला भिजवलेला साबुदाणा. दुपारपर्यंत एक मासा फिरकला नाही. त्यांचे दोस्त सोनीजी म्हणाले, "भिया, आज तो मछलियों का भी व्रत है, कुछ खा ही नी रहीं!"

*

काढलेल्या अळ्या मक्याच्या पिठात ठेवायच्या, झाकणाला भोकं पाडायची, डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. थंडीत त्या सुस्तावतात आणि टिकतात, हे बाबांचं शास्त्र. माझा नवरा निखिल सॉफ्टवेअरवाला. त्याने डब्यावर लेबल लावलं, 'अळ्या. खाऊ नये.'

निखिलच्या पुण्याच्या मावशी आल्या होत्या, त्या फ्रीजमधलं पाणी घ्यायला गेल्या आणि लेबल वाचून आल्या. "आधी कुणी खाल्ल्या होत्या का रे?"

त्या दिवशी मावशी बाहेर जेवल्या.

*

लहानपणी या अळ्या हुबेहूब पक्ष्यांच्या शिटेसारख्या दिसतात. पाहुणे येणार होते, आणि कामवाल्या कमलाबाई इंदूरच्या. सफाई रक्तात! पाइप लावून त्यांनी झाडच धुतलं. "भाभीजी, चिड़ियों ने पूरा पेड़ गंदा कर रखा था। एक दाग नी छोड़ा!"

सगळ्या अळ्या वाहून गेल्या, तरी बाबांनी टाळी वाजवली. करणार काय!

*

एकदा बाबांनी अळ्या काढायला स्वयंपाकघरातला चिमटा नेला. सासूबाईंनी चिमटाच फेकून दिला. "आजपासून मी तुमच्या झाडाला हात लावणार नाही आणि तुम्ही माझ्या चिमट्याला!"

*

सासूबाईंचं खरं दुखणं वेगळं होतं. घरात झाड असून पोह्यांवर पिळायला लिंबू ठेल्यावरून विकत! परवा ठेलेवाला म्हणाला, "आंटीजी, आपके यहाँ तो पेड़ है ना?" सासूबाईंनी घरी येऊन पिशवी आपटली.

"शनिवारी माळी येतोय. फवारणी."

बाबांचा चेहरा उतरला. "अगं, रविवारी सगळ्यांना अळ्या मीच देतो! डबा रिकामा आहे!"

"साबुदाणा न्या."

शुक्रवारी बाबा अर्ध्या पोळीवर उठले. सोनीजींचा फोनही घेतला नाही.

शनिवारी माळी पंप घेऊन आला. पाहतो तर झाडावर एक अळी नाही!

"तुम्हीच लपवल्यात!" सासूबाई कडाडल्या.

"खजरान्याच्या गणपतीची शपथ!" बाबा रडवेले झाले होते. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

"अब किसको मारूँ?" माळी म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

दुपारी वाळलेल्या साड्या ठेवायला मी सासूबाईंचं कपाट उघडलं. खाली, शालींच्या मागे, स्टीलचा मोठा डबा. झाकण अर्धवट. आत लिंबाची कोवळी पानं, पानांवर सगळ्या अळ्या, आणि बाजूला नवा कोरा चिमटा.

"झाकण पूर्ण लावू नकोस, गुदमरतात," मागून आवाज आला.

मी वळले. सासूबाई साड्यांच्या घड्या नीट करत होत्या.

"उद्या सकाळी त्यांच्या डब्यात टाक. आणि कुणी विचारलंच तर..." त्यांनी शाली पुढे सरकवल्या. "जाऊ दे. तू कुठे बोलतेस!"