अंतराळातील प्रवाशांच्या गैरसोयीबाबत

पृथ्वीवर तक्रार करायला जागा उरली नाही म्हणून थेट अंतराळात तक्रार घेऊन गेलेला माणूस उभ्या बेळगाव तालुक्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मोठा मामा आहे. मामा बेळगुंदीचे. जन्मभर सरकारी बसमध्ये कंडक्टर होते, आता शेतात रताळी लावतात आणि निवेदनं देतात. रताळी वर्षातून एकदा येतात, निवेदनं बारमाही. बसथांब्याला छप्पर नाही, दिवाबत्ती नाही, नळाला पाणी आलं पण अवेळी आलं, प्रत्येकाला एक निवेदन, खाली गावकऱ्यांच्या सह्या. मराठीत नेलं तर कन्नडमध्ये आणा म्हणतात, कन्नडमध्ये नेलं तर साहेब मीटिंगला गेलेले असतात. मामा ओट्यावर बसून राहतात आणि साहेब आले की दुसरी प्रत पुढे करून तिच्यावर ‘मिळाले’ अशी सही आणि शिक्का घेतात. याला पोच म्हणतात. काम झालं नाही तरी चालेल, पण पोच घेतल्याशिवाय मामा जागचे हलत नाहीत. कडोलीच्या एका लग्नात मुहूर्त टळला, तेव्हा मामांनी अक्षता खिशात घालून वरपित्याला लेखी जाब विचारला होता आणि मांडवातच पोच घेतली होती. नवरा-नवरी हार धरून उभी होती.

अशा माणसासमोर ‘सूचनांचं स्वागत आहे’ हे वाक्य उच्चारू नये, एवढी अक्कल मला असायला हवी होती. मी दिवसा उद्यमबागेत एका कारखान्यात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात अवकाशयानाच्या एका खेळाचं काम बघतो. हा खेळ कुणा कंपनीचा नाही. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून, फुकटात आणि सगळ्यांसाठी खुला असा तो रचलाय. यान घ्यायचं, माल भरायचा, या ग्रहावरून त्या ग्रहावर जायचं. खेळणारे सूचना पाठवतात, त्या निवडायचं काम माझ्याकडे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मामा पिरनवाडीला आमच्या घरी राहिले होते, तेव्हा एक डोळा झाकून दुसऱ्याने ते माझ्या मागून पडद्याकडे बघत बसत. एकदा मी सहज म्हणालो, मामा, यात कुणीही सूचना करू शकतं.

पुढच्या रविवारी दहाच्या बसने मामांबरोबर पहिलं निवेदन आलं. मा. अध्यक्षसाहेब, विषय अमुक, महोदय वगैरे, आणि खाली बेळगुंदीतल्या एक्केचाळीस जणांच्या सह्या, दोन अंगठे. त्या एक्केचाळिसांतल्या एकानेही हा खेळ पाहिलेला नव्हता. मग दर रविवारी एक. यानात चढताना धरायला दांडा नाही. मंगळावरचं यान वेळेआधी सुटतं, हातात सामान असलेल्यांनी काय करायचं. मुक्कामाच्या यानाच्या चालकाला पाठ टेकायला खोली नाही. आठवडाभर लोखंडाच्या आवाजात डोकं पिकवून घेतलेल्या माणसाने रविवारी सकाळी शनीवरच्या बाकड्यांचा प्रश्न का ऐकावा, हे मला कुणी सांगावं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी कागदाचा फोटो काढून खेळाच्या सूचनांच्या पानावर टाकायचो, प्रतीवर सही करायचो आणि मामांना लवकर जेवायला वाढायला सांगायचो. तिकडे फिनलंडच्या एका बाईंनी, त्याही माझ्यासारख्याच या खेळाचं काम बघणाऱ्या, हे अंगठे उमटवलेले कागद कसले आहेत असं विचारलं. मला लाज वाटली. आमच्याकडची लोककला आहे, असं मी लिहून मोकळा झालो.

आमच्या खेळात एक नियम आहे. साठ दिवसांत ज्या सूचनेवर कुणी बोललं नाही, ती आपोआप बंद होते. नियम माझाच, आणि त्याचा मला अभिमान होता. पण मी टाकलेल्या सूचनांत बायको मागाहून मामांचा ई-मेल पत्ता घालत होती, हे मला ठाऊक नव्हतं. सूचना बंद झाल्याचे निरोप एकामागून एक त्यांच्या फोनवर जाऊ लागले. इंग्रजीतले ते निरोप घेऊन एका मंगळवारी मामा न सांगता आमच्याकडे आले आणि त्यांनी भाचीकडून ते वाचून घेतले. आपली सूचना निष्क्रिय असल्याने बंद करण्यात येत आहे, सहभागाबद्दल आभार. अकरा निरोप, अकराही तेच.

मी कामावरून आलो तेव्हा मामांची पोचांची फाईल टेबलावर उघडी होती.

“पावणं, ही सही कुनाची?”

माझी, म्हणालो.

“वाचून केलासा?”

खोटं बोलता आलं असतं. पण मीही दमून आलो होतो आणि एवढ्या रविवारांचा राग साठला होता. मी ओरडलोच. म्हणालो, हा खेळ आहे, तिथे कुणाचा जीव अडकलेला नाही, आजवर कचेऱ्यांचं डोकं खाल्लंत, आता माझं खाताय, तुमची ही रद्दी वाचायला जगात कुणाला वेळ नाही. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं होतं मामा दुप्पट ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

“सायब न वाचता शिक्का मारत्यात, त्येचं मला काय वाटत न्हाय. ते परके,” मामा म्हणाले. “तुमी घरचे हाय म्हणून दिलतं.”

चहा ठेवला होता, तो न घेता गेले. फाईल तिथेच राहिली.

ती मी उघडली तीसुद्धा रागानेच. काहीतरी अर्धवट शहाणपणाचं सापडेल, ते बायकोला वाचून दाखवीन, असा माझा हिशेब होता. सगळ्यात खालचं, पहिलं निवेदन काढलं. विषय : वाटेत बंद पडलेल्या यानास मागील यानाने मदत करणेबाबत. आमच्या खेळात इंधन संपलं की यान तिथेच लटकतं आणि खेळ संपतो, शेजारून दुसरी यानं निघून जातात. मामांनी लिहिलं होतं की हे बरोबर नाही, आणि मग अर्ज सोडून ते भलतंच सांगू लागले होते. जांबोटीच्या रस्त्यावर एक जीप बंद पडली होती. एक बाई खांद्यावर पोर टाकून रस्त्याच्या मधोमध हात करत होती. बस भरलेली, चाळीस मिनिटं उशीर, डेपोत जाब द्यावा लागणार. ड्रायव्हरने वेग कमी करून कंडक्टरकडे बघितलं. ‘मी डबल बेल दिली, म्हणजे न थांबता पुढे चला,’ असं मामांनी लिहिलं होतं. ‘सदर बाईचे व मुलाचे पुढे काय झाले, हे आजतागायत समजलेले नाही. विचारण्याचे धाडस झाले नाही. तरी निदान आपल्या खेळात थांबण्याची सोय असावी, ही नम्र विनंती.’

खाली एक्केचाळीस सह्या, दोन अंगठे, आणि कोपऱ्यात माझं झोकदार ‘मिळाले’.

त्यानंतर मला जो राग आला तो मामांचा नव्हता. साठ दिवसांचा नियम मी त्याच संध्याकाळी काढून टाकला. त्या निवेदनाच्या तिन्ही पानांचं इंग्रजी करून सूचनांच्या पानावर टाकलं आणि ही लोककला नाही, मी खोटं बोललो होतो, असं वर लिहिलं. फिनलंडच्या बाईंनी एवढंच कळवलं की अर्धं काम त्या करतील. थांबून मदत करायची सोय खेळात यायला तीन आठवडे लागले.

आता खेळात मामांबद्दल तक्रारी येतात. एक पिवळं यान कुठूनही येतं, आमचं नीट चाललं असताना आडवं थांबून मदत हवी का विचारतं, आम्हाला उशीर होतो. त्या सगळ्या मी शेवटपर्यंत वाचतो. मामांच्या सूचना मात्र पुन्हा आल्या नाहीत. रविवार रिकामे जातात आणि त्याचाही मला संताप येतो.

पण ही सोय सुरू झाली त्या पहिल्या दिवशी मी मामांसाठी एक जुना लॅपटॉप घेऊन बेळगुंदीला गेलो, तेव्हा मामा माझ्याशी बोलत नव्हते. भाचीने आग्रह केला म्हणून ओसरीवर येऊन बसले. कुठली बटणं दाबायची ते मी दाखवलं. थोडं अंतर गेल्यावर काळ्या पडद्यावर एक बंद पडलेलं यान दिसलं, लाल दिवा लुकलुकत होता. मामांनी आपलं यान थांबवलं, निम्मं इंधन त्याला दिलं आणि बराच वेळ तिकडे बघत राहिले.

“आत कोन हाय, दिसत न्हाय व्हय?”

मी म्हणालो, खेळात ते दाखवत नाही.

“असू दे.”

त्या यानाचा दिवा हिरवा झाला, ते हललं, लहान होत होत ठिपका झालं. ते पूर्ण दिसेनासं होईपर्यंत मामांनी आपलं यान जागचं हलवलं नाही.