कोंबड्यांना चालेल असं कुंपण

माझ्या मावशीने आयुष्यभर शिवणकारखान्यात कापड बेतलं. एकावर एक दहा थर अंथरून ती कापायची आणि सगळ्यात खालच्या थरातही तसूभर फरक पडायचा नाही. अशा बाईने माझ्यासारख्या वेंधळ्या भाचीवर काही सोपवावं, हेच मुळात चुकलं.

काका बसचे कंडक्टर. ते "पुढे सरका" ओरडले की रस्त्यावरची माणसंसुद्धा सरकायची, असं मावशी सांगायची. चार वर्षांपूर्वी त्यांना झटका आला आणि उजव्या हाताबरोबर वाचाही गेली. बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या, चित्रं दाखवायच्या. काका भिंतीकडे बघत बसायचे. मग एका सकाळी मावशी परसात कोंबड्यांना दाणे टाकत होती, तेव्हा मागून आवाज आला, "या गं." तिच्या हातातलं भांडंच खाली पडलं. त्या बाई म्हणाल्या, "धागा सापडलाय, आता सोडू नका." वर्षभरात "पाणी" आलं, "झालं" आलं. सगळं कोंबड्यांच्या नादाने.

पुढच्या उन्हाळ्यात खुराड्यावरचा पत्रा तापला आणि सातातल्या तीन कोंबड्या धापा टाकत मेल्या. काका पंधरा दिवस मुके. मावशीने पदर खोचला. खुराड्याच्या पश्चिमेला नुसती तार होती. तिथे हिरवी सावली उभी करायची, आणि झाडं अशी हवीत की कोंबड्यांनी पानं खाल्ली तरी चालतील. रोपवाटिकेतल्या माळ्याला तिने भंडावून सोडलं. "हे खाल्लं तर? आणि ते?" शेवटी तो वैतागला. "बाई, झाडं लावायचीत की जेवणावळ घालायचीय?"

जास्वंद, शेवगा, मध्ये गवती चहा, खाली पुदिना. आता कोंबड्यांना चालणारं झाड कोंबड्यांना आवडतंही, हे कुणाच्या लक्षात येतंय? पहिली खेप त्यांनी चार दिवसांत फस्त केली. दुसऱ्या खेपेला मावशीने एकेका रोपाला जाळी घातली, मधला उन्हाळा ओली पोती टांगून काढला, आणि दीड वर्षात जास्वंद डोक्याच्या वर गेली.

दर रविवारी ती तिची कारखान्यातली कात्री घेऊन कुंपण छाटायची आणि छाटलेलं सगळं आत टाकायची. कात्री वाजली की चौघी धावत यायच्या. एका टोकाला शेजाऱ्यांची कण्हेर आमच्या बाजूला झुकायची. ती विषारी, म्हणून तिच्या फांद्या मावशी आधी वेगळ्या कापून पोत्यात भरायची. कोंबड्या आपणहून कण्हेरीला तोंड लावत नसत.

त्या रविवारी काकांना तपासणीला न्यायचं होतं. मी दोन दिवस राहायला गेले होते.

"कुंपण राहिलंय गं," मावशी म्हणाली.

"मी करते की."

"कण्हेर तेवढी पोत्यात."

"हो गं, कळतं मला."

कळत होतंच. पण खांद्याने कानाशी दाबलेला फोन, फोनवर बहिणीशी जुंपलेलं भांडण, आणि हात आपला कापत सुटलेला. सगळा ढीग उचलला आणि आत ओतला. कात्री ऐकून चौघी तारेशी येऊन उभ्याच होत्या. इतके दिवस त्या जागी पडलं ते चांगलंच होतं. त्यांनी कशाला पारखून खायचं?

संध्याकाळी दोघं परत आली तोवर चौथीही गेली होती. मी त्यांना पोत्यावर ओळीने ठेवलं होतं. दुसरं काही सुचलंच नाही. काकांनी पायरीवरूनच हाक मारली, "या गं." मग पुन्हा, जरा मोठ्याने. मावशीने ढिगातलं एक लांबट पान उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं. म्हणाली, "मीच घरी थांबायला हवं होतं." चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

काका पाच दिवस हाका मारत राहिले. सहाव्या दिवशी थांबले. मावशीने हुबेहूब त्याच रंगांच्या चार कोंबड्या शोधून आणल्या. त्या काकांच्या पायाशी दाणे टिपू लागल्या, तर त्यांनी मान फिरवली. मग "पाणी" गेलं, "झालं" गेलं. दोन महिन्यांनी त्या बाईही आपली चित्रं गोळा करून गेल्या. कुंपण मात्र आता इतकं दाट झालंय की पत्र्यावर उन्हाची तिरीपसुद्धा पडत नाही.

मी अजून रविवारी जाते. मला तोंड दाखवायची लाज वाटते, आणि न जाण्याची त्याहून जास्त. परवा दार नुसतंच लोटलेलं होतं. मावशी काकांच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसली होती, त्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरून.

"अहो, मला तरी हाक मारा ना एकदा," ती म्हणत होती. "कोंबड्यांना मारायचात तशी मारली तरी चालेल. मी येईन."

मी दारातूनच मागे फिरले.