दोन मुठींचं रंधा मशीन

सिरिल प्लूत छत्तीस वर्षं मोजणी खात्यात होता. लोकांच्या बांधाच्या भांडणात तो टेप घेऊन उभा राहायचा आणि कोणाचंही ऐकायचा नाही. निवृत्तीनंतर त्याने याच पद्धतीने रंधा मशीन निवडलं. चौदा महिने लागले.

मशीन हवं होतं टेबलासाठी. घरामागच्या गवताच्या मांडवात अक्रोडाच्या आठ फळ्या सहा वर्षं सुकत होत्या, आणि एकीची जाडी दुसरीला जुळत नव्हती. मशीनचं काम एवढंच, की फळी एका बाजूने आत घातली की दुसऱ्या बाजूने एकसारखी, गुळगुळीत होऊन बाहेर यावी. टेबल त्याने बायकोला, दानित्साला, कबूल केलं होतं. तोवर ती बागेतल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टेबलावर वाढत होती. मग मुलीचं लग्न ठरलं, आणि नवी वाइन उघडायच्या सणाला, म्हणजे अकरा नोव्हेंबरच्या मार्टिनला, व्याही वेलेनेहून जेवायला येणार असंही ठरलं.

"मार्टिनपर्यंत टेबल झालं तर ठीक," दानित्सा म्हणाली. "नाहीतर दुसऱ्या दिवशी मी दुकानातून आणणार. लोखंडी पायांचं. आणि तुझ्या त्या फळ्या शेगडीत."

"अक्रोड शेगडीत?"

"छान जळतं म्हणतात."

सिरिलच्या वहीत तोवर नऊ मशीनं होती. कुठल्याला दोन पाती, कुठल्याला तीन. कुठलं फळीच्या टोकाला घास घेतं, म्हणजे शेवटची चार बोटं जास्त खातं. कुठल्याच्या आवाजाने कुत्रा पळेल. नोवो मेस्तो शहरातल्या दुकानात तो स्वतःची फळी गाडीत घालून गेला, ती तीन मशीनांतून काढायला लावली आणि प्रत्येक वेळी टोकावरून नख फिरवलं. मग कंबरदुखीचा पट्टा आवळून त्याने एकेक मशीन उचलून पाहिलं.

"काका," दुकानदार म्हणाला, "मशीन घ्यायचंय की स्पर्धेत उतरायचंय?"

"तळघरातून मांडवात मला एकट्याला नेता आलं पाहिजे."

सत्तावीस किलोंचं, तीन पात्यांचं, दोन्ही बाजूंना छान मुठी असलेलं मशीन त्याने घेतलं. निवड बिनचूक होती, हे आजही गावात सगळे मान्य करतात. अडचण एवढीच झाली, की एकट्या सिरिलला उचलता येणारं मशीन बाकी कोणालाही उचलता येतं.

ऑक्टोबरच्या मध्याला मशीन आलं. चौथ्या दिवशी शेजारचा लुडविक दारात उभा.

"दोनच फळ्या आहेत रे. संध्याकाळी आणून देतो."

"मला स्वतःलाच काम आहे, लुडविक."

"असू दे की. घाई कोण करतंय?" लुडविकने टोपी काढून पुन्हा घातली. "चौऱ्याऐंशीत तुझ्या स्लॅबला मी सकाळी सहापासून होतो, एवढंच आपलं आठवलं."

आमच्याकडे यापुढे बोलणं संपतं. इथली घरं शेजाऱ्यांनी बांधलेली आहेत. स्लॅबच्या दिवशी सगळी गल्ली येते, काँक्रीट ओतते, जेवते आणि निघून जाते. पैसे कोणी घेत नाही. पण "तुझ्या स्लॅबला मी होतो" असं म्हणणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, आणि सिरिलच्या स्लॅबला अकरा जण होते.

लुडविकच्या दोन फळ्यांच्या चौदा झाल्या. त्याच्याकडून मशीन पोस्टमनकडे गेलं, तिथून मधमाश्या पाळणाऱ्या विधवेकडे. तिचा नवरा स्लॅबला होता. सिरिल रोज चौकशी करायचा, तेव्हा मशीन आदल्याच दिवशी पुढे गेलेलं असायचं. लोक त्याला रस्त्यात थांबवून मशीनचं कौतुक सांगायचे. टोकाला घास अजिबात घेत नाही, असं पोस्टमनने त्याला बजावून सांगितलं.

"एकदा नाही म्हणून बघ ना," दानित्सा म्हणाली.

"कोणाला?"

तिने थोडा विचार केला. तिलाही नाव सुचलं नाही.

आठ नोव्हेंबरला मशीन परत आलं, पुसून स्वच्छ केलेलं, वर मधाची बाटली ठेवलेली. सिरिलने पहिली फळी आत घातली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या लांबीभर एक उभी रेघ होती, दोऱ्याएवढी उंच. कोणाच्या तरी जुन्या लाकडातल्या खिळ्याने तिन्ही पात्यांचा टवका उडवला होता. कोणाच्या, हे अकरा घरांत कोणालाच माहीत नव्हतं. नवी पाती यायला दोन आठवडे होते.

दहा तारखेला लुडविक आणि त्याचे तीन भाऊ नवं कोरं टेबल उचलून सिरिलच्या घरात घेऊन आले. "माझं वापरा," लुडविक म्हणाला. "व्याह्यांसमोर प्लॅस्टिक बरं दिसत नाही."

मार्टिनला भाजलेला हंस आणि लाल कोबी त्याच टेबलावर वाढले. व्याही ओटमार खाणीतला माणूस, बोलणं कमी. त्याने ताट बाजूला सारून टेबलावरून तळहात फिरवला.

"काचेसारखं झालंय. तुम्ही केलंत?"

सिरिलने दानित्साकडे पाहिलं. "मशीन माझं आहे," तो म्हणाला.

"टेबल लुडविकचं," दानित्सा म्हणाली. "उद्या परत जाईल. कोबी घ्या ना."

बारा तारखेला ती दुकानात गेली. टेबल तीन आठवड्यांनी आलं, लोखंडी पायांचं. फळ्या मात्र अजून मांडवातच आहेत. अडीच मीटरची फळी शेगडीत मावत नाही, आधी कापावी लागते. आणि घरातली करवत तेव्हापासून पोस्टमनकडे आहे.