सरांची शेवटची ओळ

आमच्या चौबे कॉलोनीतल्या शेजारच्या सरांइतका संशयी कवी साऱ्या छत्तीसगडात सापडायचा नाही. आपल्या कवितांवर चोर टपलेले आहेत, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. वर्धेहून मास्तरकीला आले तेव्हा रायपूर मध्य प्रदेशात होतं. पुढे ते नव्या राज्याची राजधानी झालं, तर सगळे पेढे वाटत होते आणि सर म्हणाले, “आता मोठे चोर येतीन.”

बंदोबस्त म्हणून ते कुठलीच कविता पुरती म्हणत नसत. मंडळाचा गणपती असो की शाळेतला वर्ग, शेवटची ओळ आली की सर हात जोडायचे आणि पाणी मागायचे. संग्रह काढा म्हटलं तर, “छापणाराच पयले वाचीन ना.” एकदा पंडरीच्या कापडबाजारात बायकोला साडी घ्यायला गेले, तर दुकानाच्या पाटीवर ‘चांदनी’ वाचून पायरीवरच थबकले. “चांदणं माह्या कवितेतलं आहे. याले कोठून भेटलं?” दुकानदार “आइए भैया” म्हणेपर्यंत सर बायकोसह रस्त्यापलीकडे. बिचारीची साडी राहिली ती राहिलीच.

मलाही एक संशय होता. शेवटची ओळ यांना सुचतच नसावी.

मग सर निवृत्त झाले आणि पोरंच नाहीत म्हणून शाळेतला मराठीचा वर्ग बंद पडला. सर घरातच बसायला लागले. मला ते बघवेना. माझ्या मुलीला मराठी समजते, पण ती उत्तर हिंदीत देते. तिला मी त्यांच्याकडे शिकायला धाडलं.

एका संध्याकाळी तिला आणायला गेलो. सर कविता म्हणत होते, त्यांना लाडाने वेगळ्याच नावाने हाक मारणाऱ्या आईवरची. शेवटाशी आले, थांबले, आणि मी पाण्याकडे पाहिलं. सरांनी पाणी मागितलं नाही.

“आई होती तोवर मला दोन नावं होती.”

मुलीने ओळ म्हणून दाखवली. अख्खी, मराठीत.

“सर, दार उघडं आहे,” मी म्हणालो.

“असू द्या. इतके वर्षं राखून राहिलो, चोर काही आला नाही.” मग मुलीकडे वळून, सवयीने हळूच म्हणाले, “कोणाले सांगू नको.” लगेच स्वतःच मान हलवली. “नाही, सांग. जो भेटीन त्याले सांग.”

घरी येताना ती गल्लीभर ती ओळ म्हणत होती. मागे वळून पाहिलं, तर सर फाटकाशी उभे राहून कान देऊन ऐकत होते.