सांडव्यावरचं सिमेंट

न्हावा शेव्याचं बंदर नुकतं सुरू झालं होतं, कळंबोलीकडे ट्रकांच्या रांगा लागायला लागल्या होत्या, आणि त्याच सुमाराला आमच्या बाबांनी धरण घेतलं. म्हणजे घेतली होती दोन एकर जमीन, पनवेलबाहेर टेकडीच्या पायथ्याशी. तिच्यात आधीच्या मालकाने ओढ्यावर घातलेला मातीचा बांध होता, भाजीपाल्यापुरतं पाणी धरणारा. पण कचेरीत बाबा "रविवारी आमच्या धरणावर" असंच सांगायचे. सातबारा लॅमिनेट करून घेतलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

बांधाच्या एका कडेला सांडवा होता, जादा पाणी बाजूने ओढ्यात निघून जायची वाट. तिथली रीत ठरलेली. दसरा झाला की सांडव्यात मातीच्या गोणी रचून पाणी अडवायचं, त्यावर वाल, मुळा काढायचा, आणि मृगाच्या आधी गोणी काढून वाट मोकळी करायची. बांधाच्या खालीच घर असलेली एक मावशी हे काम वर्षानुवर्षं करत आली होती. बाबांना ही उठाठेव अडाणीपणाची वाटली. एका मे महिन्यात त्यांनी गवंडी बोलावून सांडवा विटा-सिमेंटने कायमचा बंद केला.

"मग पाणी जाणार कुठून?" आईने विचारलं.

"जाऊ कशाला द्यायचं?" बाबा म्हणाले.

जुलैत मावशी आमच्या पनवेलच्या घरी आली, गुडघ्यापर्यंत चिखल. "सायेब, पानी काठाला लागलाय. सांडवा फोडा."

बाबांनी शांतपणे कपाट उघडून सातबारा काढला. मला इतकी लाज वाटली की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. "मालक मी आहे," ते म्हणाले, "काय करायचं ते मी बघेन."

"तुमचाच हाय, नाय कोन बोलतं? पन फुटला तर पानी सातबारा बघून येल का? चला माज्या घरी, चा प्यायला."

चहाला नाही म्हणणं बाबांना जन्मात जमलं नाही. मीही बरोबर गेले. बाबा नेहमी वरच्या रस्त्याने बांधावर जायचे, हात मागे बांधून फेऱ्या मारायचे आणि परतायचे. खाली ते कधी उतरलेच नव्हते.

मावशीने पडवीत खुर्ची मांडली ती नेमकी बांधाकडे तोंड करून. आत तिची सून तान्ह्या बाळाला न्हाऊ घालत होती. समोर बांध, घराच्या कौलांपेक्षा उंच. त्याच्या पोटाशी चीर गेली होती आणि तिच्यातून गढूळ पाणी झिरपत होतं. बाबांचा चेहरा पांढरा पडला. खरं सांगते, मला बरं वाटलं.

"पहार आहे का?" त्यांनी विचारलं. चहा तसाच राहिला.

पहारी दोन निघाल्या. बाबा आणि मावशी दोघं वर जाऊन सांडवा फोडायला लागली. गवंड्याने काम चोख केलेलं, त्यामुळे बाबांच्या तळहातांना फोड आले. शेवटी वीट निखळली, पाणी बाजूने धावलं आणि बांधाचा काठ हळूहळू वर दिसायला लागला.

"मावशी," बाबा धापा टाकत म्हणाले, "एवढी पहार चालवता तुम्ही. मग पनवेलपर्यंत कशाला आलात? केव्हाच फोडायचा होता."

"मी फोडला असता," ती म्हणाली, "तर पुढल्या मे मयन्यात तुमी परत बांदला असता."